ऐतिहासिक बोलपटांतील भाषिक कालविपर्यास

ऐतिहासिक बोलपट पडद्यावर आला की त्याच्यामागोमाग वाद यावा, हा आता शिरस्ताच होऊन बसला आहे. २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’मध्ये काशीबाई व मस्तानी यांना एकत्र पिंगा घालताना दाखविले म्हणून आक्षेप घेण्यात आला. २०२० सालच्या ‘तान्हाजी’तील भगव्या झेंड्यावर ‘ॐ’ हे चिन्ह कोठून आले, असे विचारण्यात आले. २०२५ साली ‘छावा’मधील लेझीमनृत्याचे दृश्य प्रदर्शनापूर्वीच गाळावे लागले. या तिन्ही वादांचे स्वरूप तपासले असता एक गोष्ट ध्यानात येते. आक्षेपाचे मूळ बहुधा प्रमाणाच्या अभावात नसून प्रतिष्ठेच्या हानीत असते. आदरणीय व्यक्तीला न शोभणारे असे काही दाखविले गेले की समाज जागा होतो. पण तितकेच निराधार असलेले एखादे चित्र आपल्याला सुखावणारे असेल, तर त्याचा पुरावा कोणी मागत नाही. चुकीचे खरे आयुष्य लाभते ते अशा सुखावणाऱ्या चुकीला.

अशा चुकांपैकी एका प्रकाराचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तो प्रकार भाषेचा. वेशभूषा, शस्त्रे, किल्ल्यांची बांधणी यांविषयी थोडीबहुत चिकित्सा होते. पात्रांच्या तोंडी घातलेली भाषा मात्र ‘संवादलेखकाचे कौशल्य’ या सदराखाली स्तुतीस किंवा टीकेस पात्र ठरते. ती ज्या काळाची म्हणून सादर केली जाते त्या काळाची असू शकेल काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. उदाहरणांसाठी शिवकालावरील बोलपट मुख्यतः डोळ्यांसमोर ठेवले आहेत. १९२३ च्या मूक ‘सिंहगड’पासून आजपर्यंत या विषयाने मराठी पडदा कधीच सोडलेला नाही, आणि त्या काळाची अस्सल कागदपत्रेही आपल्याजवळ विपुल आहेत. तेव्हा तुलना करणे शक्य आहे.

(१)

आरंभ एका स्थलनामापासून करणे सोयीचे होईल. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे यांनी कोंडाणा घेतला आणि त्या लढाईत ते पडले. १६६५ च्या पुरंदरच्या तहान्वये जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले होते, त्यांत हा एक होता. या मृत्यूमुळे कोंडाण्याचे नाव ‘सिंहगड’ पडले, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. परंतु शिवाजी महाराजांच्या १६६३ मधील एका पत्रात ‘सिंहगड’ हे नाव आलेले आहे. म्हणजे तानाजींच्या मृत्यूपूर्वी निदान सात वर्षे हे नाव वापरात होते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे लोकव्युत्पत्तीचा एक नमुना आपल्यासमोर आहे. नाव आधी होते. त्याचे कारण सांगणारी कथा मागाहून जुळविली गेली, आणि ती इतकी समर्पक होती की नावच कथेतून जन्मले असे वाटू लागले.

ही कथा पडद्यापर्यंत कशी पोहोचली ते पाहण्याजोगे आहे. कृष्णाजी अनंत सभासद याने १६९७ साली जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत कोंडाण्याचा प्रसंग आहे. कडा चढून जाणाऱ्या मावळ्यांना त्याने वानरांची उपमा दिली आहे. घोरपडीचा उल्लेख तेथे नाही. तानाजींच्या मृत्यूची वार्ता ऐकून महाराजांनी काढलेले उद्गारही तेथे आहेत. पण त्यांत सिंह नाही. एक गड हाती आला आणि दुसरा गमावला, अशा आशयाचे ते शब्द आहेत. म्हणजे तेथे तानाजींनाच गड म्हटले आहे. घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. हा पोवाडा मौखिक परंपरेने चालत आला आणि १८९१ साली ॲक्वर्थ व शाळिग्राम यांच्या संग्रहात छापला गेला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी हरि नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी आली आणि तिच्या नावानेच लोकव्युत्पत्तीवर शिक्कामोर्तब झाले. बाबूराव पेंटर यांचा १९२३ चा मूकपट आणि ‘प्रभात’चा १९३३ चा बोलपट हे दोन्ही याच कादंबरीवर आधारलेले होते. नंतरच्या चित्रकर्त्यांना आधी पडद्यावर येऊन गेलेलीच कथा आयती मिळाली.

यावरून एक निष्कर्ष निघतो. ऐतिहासिक बोलपटाचा आधार बहुधा इतिहास नसतो. इतिहासावरील साहित्य हा त्याचा आधार असतो. ‘बाजीराव मस्तानी’ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वर, ‘छावा’ शिवाजी सावंतांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर आधारलेला आहे. कादंबरीकाराने केलेली कल्पना हा त्याचा अधिकारच होय. पण पडद्यावर तीच गोष्ट किल्ल्याच्या खऱ्या तटासमोर, खऱ्या नावांनिशी घडताना दिसते तेव्हा कल्पनेची खूण पुसली जाते. वाचकाच्या हाती निदान पुस्तकाचे मुखपृष्ठ असते व त्यावर ‘कादंबरी’ हा शब्द असतो. प्रेक्षकाला तोही आधार उरत नाही.

(२)

आता संवादांच्या भाषेकडे वळू. शिवकालावरील बोलपटांत मराठ्यांच्या दरबारातील पात्रे एक विशिष्ट मराठी बोलतात. ती संस्कृतप्रचुर असते, तिच्यात दीर्घ समास असतात, आणि सैन्य व शस्त्रे यांची नावे वगळता फारसी शब्द शक्य तितके टाळलेले असतात. ही भाषा भारदस्त वाटते यात शंका नाही. पण ती सतराव्या शतकाची नव्हे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आपल्या साधनखंडाच्या एका प्रस्तावनेत तीन वेगवेगळ्या काळांतील पत्रे घेऊन त्यांतील मराठी व फारसी शब्दांची मोजदाद केली होती. १६२८ मधील पत्रात मराठी शब्दांचे प्रमाण शेकडा १४ च्या आसपास, १६७७ मधील पत्रात शेकडा ६२ च्या आसपास आणि १७२८ मधील पत्रात शेकडा ९३ च्या आसपास त्यांना आढळले. अवघ्या तीन पत्रांवरून काढलेल्या या आकड्यांना फार ताणू नये, हे खरे. पत्राचा विषय व लेखक बदलला की प्रमाणही बदलते. तरीही दिशा स्पष्ट आहे. महाराजांच्या बालपणी कारभाराची मराठी फारसीने भरलेली होती, आणि राज्याभिषेकानंतरही तिच्यातील फारसी अंश लहान नव्हता.

यावर असे उत्तर देण्यात येते की, महाराजांनी स्वतःच राज्यव्यवहारकोश करवून घेऊन फारसी शब्दांचे उच्चाटन केले. तेव्हा बोलपटातील शुद्ध भाषा ही त्यांच्याच धोरणाला धरून आहे. हा युक्तिवाद सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो. पण कोशाचे स्वरूप पाहिले म्हणजे तो उलटतो. सुमारे चौदाशे शब्दांचा, दहा वर्गांत विभागलेला हा कोश राज्याभिषेकानंतरच्या वर्षांतला आहे. त्यात रूढ यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. कोणताही शब्द बदलावा असे सांगावे लागते, ते तो सर्वांच्या जिभेवर असतो म्हणूनच. हा कोश म्हणजे तत्कालीन भाषेचे वर्णन नव्हे, तर तिच्याविषयीचा एक संकल्प आहे; आणि संकल्पाच्या आधीची स्थिती कशी होती याचा तोच सर्वांत चांगला पुरावा आहे. शिवाय त्यातील कितीतरी प्रतिशब्द व्यवहारात उतरले नाहीत, हे नंतरच्या कागदांवरून दिसते.

खुद्द महाराजांची पत्रे पाहावीत. माथ्यावर संस्कृत मुद्रा आणि तिच्याखाली ‘अज रख्तखाने’, ‘दामदौलतहू’ अशा फारसी मायन्याने सुरू होणारा मराठी मजकूर, असे दृश्य एकाच कागदावर दिसते. मुद्रा संस्कृतात घेणे हा राजकीय आशयाचा निर्णय होता आणि त्याचे महत्त्व मोठे आहे. पण मुद्रेखालच्या मजकुरात फारसी शब्द आल्याने त्या निर्णयाला बाध येतो असे त्या काळी कोणाला वाटलेले दिसत नाही. तो विरोध आपल्या काळाने निर्माण केलेला आहे. १६७६ मध्ये प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात महाराज स्वतःचा उल्लेख ‘साहेब’ असा करतात आणि ‘मेहेरबान’, ‘फर्माविणे’ हे शब्द सहज वापरतात. आजच्या एखाद्या बोलपटात महाराजांच्या तोंडी ‘साहेब’ हा शब्द घातला, तर प्रेक्षागृहात हसू उमटेल. कालास धरून असलेला शब्द खोटा वाटावा आणि कालास सोडून असलेला खरा वाटावा, इतका आपला कान बदलला आहे.

हा बदल कशाने झाला, तेही सांगितले पाहिजे. भाषाशुद्धीच्या चळवळीचा जोर आणि मराठी बोलपटाचा उदय या घटना एकाच सुमाराच्या. ‘बोलपट’ हा शब्दच त्या चळवळीचे देणे मानला जातो. १९२५ मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध करणाऱ्या माधव जूलियन यांनीच १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला, यावरून त्या काळच्या वातावरणाची कल्पना येईल. त्या पिढीने स्वतःच्या लेखनासाठी पत्करलेला आदर्श बोलपटाने तीनशे वर्षे मागे नेऊन ठेवला. भाषाशुद्धीचा आदर्श ग्राह्य की अग्राह्य हा निराळा प्रश्न आहे. तो सतराव्या शतकाचा नव्हता एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

(३)

या शुद्ध मराठीची दुसरी बाजू म्हणजे प्रतिपक्षाची उर्दू. विजापूरचा दरबार दाखविताना बोलपटातील खान लखनवी वळणाची उर्दू बोलतात. ही चूक पहिलीपेक्षाही गंभीर आहे. विजापूरची भाषा दखनी होती. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने ‘किताब-ए-नवरस’ दखनीत रचली. दुसऱ्या अली आदिलशहाच्या दरबारातील नुस्रती या कवीने ‘अलीनामा’ याच भाषेत लिहिला, आणि त्यात शिवाजी महाराजांविरुद्धच्या मोहिमांचाही विषय आहे. म्हणजे शत्रुपक्षाने त्याच काळात, त्याच प्रसंगांविषयी जी भाषा वापरली ती आपल्याला उपलब्ध आहे. उत्तरेकडे उर्दू काव्याला जी चालना मिळाली, तीही वली दखनी १७०० च्या सुमारास दिल्लीस गेल्यानंतरची. अफझलखानाचा वध १६५९ सालचा. ज्या वळणाची उर्दू बोलपटातील खान बोलतो, ते वळण त्याच्या मृत्यूनंतर काही पिढ्यांनी आणि दूरच्या मुलुखात घडलेले आहे.

दखनी आणि मराठी यांचा संबंध शेजाराचा आहे. निषेधार्थक ‘नको’ दखनीने मराठीपासून घेतला. निश्चयार्थक ‘च’ हा मराठी अव्ययही तिच्यात शिरला. दुसरीकडे आदिलशाही अमलातील मराठी कागद मोडी लिपीत विपुल आढळतात, आणि त्यांची भाषा महाराजांच्या पत्रांहून फारशी निराळी नाही. खानाच्या वतीने बोलणी करण्यास आलेला वकील कृष्णाजी भास्कर होता. महाराजांच्या आरमारात दौलतखान व दर्यासारंग होते. युद्धाची रेषा आणि भाषेची रेषा एक नव्हती. बोलपटाने मात्र धर्मानुसार भाषांची वाटणी करून टाकली. मराठ्याच्या तोंडी संस्कृत, मुसलमानाच्या तोंडी फारसी-अरबी, असे चित्र पुन्हा पुन्हा दाखविल्यामुळे भाषेची मालकीच धर्माकडे असते अशी समजूत दृढ होते. सुखावणाऱ्या चुकीचे परिणाम येथवर पोहोचतात.

एक अनुभव नमूद करतो. शिवकालीन पत्राचा एक उतारा, नावे झाकून, पदव्युत्तर वर्गात वाचावयास दिला असता बहुतेक विद्यार्थ्यांनी तो मोगल किंवा आदिलशाही कागद असल्याचे सांगितले. पत्र कोणाचे ते सांगितल्यावर एकाने प्रांजळपणे विचारले की, हे पत्र खोटे नसेल कशावरून? त्या विद्यार्थ्याचा दोष नाही. बोलपटावरून घडलेल्या कानाने तो अस्सल कागद पारखत होता.

(४)

वरील चुका शैलीच्या म्हणून कोणी सोडून देईल. पण काही शब्दांना निश्चित तारीख असते आणि तेथे शैलीची सबब चालत नाही. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला आणि अष्टप्रधानांची पदे संस्कृत नावांनी रूढ करण्यात आली. मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत आणि सरनोबताचा सेनापती झाला. तेव्हा १६५९, १६६० किंवा १६६६ मधील प्रसंगात नेताजी पालकर यांना ‘सेनापती’ म्हणणे किंवा महाराजांना ‘छत्रपती’ म्हणून मुजरा करणे हा उघड कालविपर्यास आहे. अशी संबोधने या काळावरील बोलपटांत सर्रास ऐकू येतात. यामुळे होणारी खरी हानी अशी की, राज्याभिषेकाने नेमके काय बदलले हेच प्रेक्षकाला कळेनासे होते. जी पदवी चौदा वर्षे आधीच बहाल केली, ती राज्याभिषेकाच्या दृश्यात पुन्हा देताना तिचे मोल उरत नाही. या संदर्भात ‘पेशवा’ हा शब्द चिंतनीय आहे. त्यालाही ‘पंतप्रधान’ हा संस्कृत पर्याय देण्यात आला होता, पण लोकांनी फारसी शब्दच ठेवला आणि पुढे त्याच नावाने एक युग ओळखले गेले.

दुसरा वर्ग संकल्पनावाचक शब्दांचा. ‘क्रांती’ हा शब्द जुन्या भाषेत ज्योतिषाचा होता. राजकीय उलथापालथीचा अर्थ त्याला अर्वाचीन काळात मिळाला. ‘स्वराज्य’ हा शब्द जुना खरा, पण १७१९ च्या सनदांत चौथाई व सरदेशमुखी यांच्या जोडीने तो येतो तेव्हा त्याचा अर्थ विशिष्ट मुलूख असा आहे. टिळकांच्या काळात त्याला जो अर्थ चिकटला तो घेऊन तो शब्द मावळ्याच्या तोंडी घालणे म्हणजे विसाव्या शतकातील सभेचे भाषण सतराव्या शतकात करविणे होय. शब्द जुना असला म्हणजे अर्थही जुना असतो, हा समज येथे दगा देतो.

तिसरा वर्ग सामाजिक बोलींचा. राजा व प्रधान प्रमाण मराठी बोलतात, तर मावळा सातारा-कोल्हापूरकडील आजची ग्रामीण बोली बोलतो. प्रमाण मराठीचे जे रूप आपण जाणतो ते एकोणिसाव्या शतकात, मोल्सवर्थचा १८३१ चा कोश, व्याकरणे आणि शालेय पुस्तके यांच्या आश्रयाने, पुण्याकडील शिष्ट बोलीवरून घडले. सतराव्या शतकात बोलीभेद नव्हते असे नाही. पण ‘शुद्ध’ व ‘अशुद्ध’ बोलणाऱ्यांची ही उतरंड त्या काळावर लादणे म्हणजे आपल्या शाळेतील तपासणीच्या वह्या गडावर नेण्यासारखे आहे.

(५)

आतापर्यंतच्या विवेचनावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. पत्रांची भाषा ही कचेरीची लेखनभाषा होय. माणसे घरात अशी बोलत नसत. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. त्याच शतकातील तुकारामांच्या अभंगांत फारसी शब्दांचे प्रमाण दरबारी पत्रांच्या मानाने फारच कमी आहे. त्याआधीच्या एकनाथांनी ‘अर्जदास्त’ लिहिताना कचेरीच्या भाषेचा मुद्दाम वेष घेतला, यावरून ती भाषा निराळी म्हणून ओळखली जात होती हेही सिद्ध होते. तेव्हा प्रत्येक पात्राला फारसी शब्दांनी लादावे असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. उलट, दरबाराची एक, देवळाची एक आणि घराची एक अशी निरनिराळी वळणे त्या समाजात नांदत होती. बोलपटाने ती सर्व पुसून व्याख्यानाचे एकच वळण ठेवले, हा आक्षेप आहे.

दुसरा आक्षेप कलेचा. प्रेक्षकाला समजेल अशीच भाषा योजावी लागते. बोलपट म्हणजे दप्तरखाना नव्हे. हेही खरे. पण सुबोधता आणि कालानुरूपता यांचा मेळ बसू शकतो, याचे उदाहरण आपल्याजवळच आहे. ‘प्रभात’च्या १९३६ मधील ‘संत तुकाराम’साठी शांताराम आठवले यांनी बीज आणि वृक्ष यांच्या दृष्टान्ताचा एक अभंग नव्याने रचला. तो इतका तुकारामांच्या भाषेत मुरलेला होता की जाणकारांनीही तो गाथेत शोधला. एका गीतकाराला जे साधले ते संवादलेखकांना अशक्य नाही. त्यासाठी जुनी रूपे वरून चिकटवावी लागत नाहीत. जुन्या ग्रंथांचा कानाला सराव असावा लागतो. याच उदाहरणाची दुसरी बाजूही विसरता कामा नये. तो अभंग आजही अनेक जण तुकारामांचा म्हणून गातात. चांगली नक्कल जितकी यशस्वी, तितकी ती मूळ म्हणून खपण्याचा संभव अधिक. म्हणूनच कल्पना कोठे केली आहे हे सांगण्याची जबाबदारी कुशल लेखकावर अधिक पडते.

तात्पर्य, ऐतिहासिक बोलपटाकडून भाषेच्या बाबतीत तीन माफक अपेक्षा करता येतील. ज्या नावांना व पदव्यांना तारीख आहे ती तारखेनुसार वापरावीत. भाषांची वाटणी धर्मानुसार करू नये. विजापूरला तिची दखनी परत द्यावी. आणि आधुनिक अर्थाचे शब्द पात्रांच्या तोंडी घालण्यापूर्वी त्यांचा अर्थ त्या काळी काय होता ते पाहावे. यांपैकी एकाही गोष्टीला सैन्य, हत्ती किंवा मोठा खर्च लागत नाही. छापील साधनखंड, एक-दोन कोश आणि मोडी जाणणारा एखादा अभ्यासक एवढ्यावर ती होण्याजोगी आहे, आणि अशा कामी साहाय्य करणे हे विद्यापीठांतील मराठी व भाषाशास्त्र विभागांनीही आपले कर्तव्य मानले पाहिजे. बोलपट निघून गेल्यावर त्याच्या चुका मोजीत बसण्यापेक्षा संहिता लिहिली जात असताना चार कागद पुढे करणे अधिक उपयोगाचे. ते न केल्यास पुढच्या वर्गातही अस्सल पत्र हाती घेऊन कोणीतरी विचारील की, हे खोटे नसेल कशावरून?